पाचवं लिटर

सासूबाईंनी बावीस वर्षं दवाखान्याच्या फरशा पुसल्या आणि गुडघ्यांची पार वाट लावून घेतली. मुकादम झालं की टेबल-खुर्ची मिळते, पण त्यासाठी लेखी परीक्षा पास व्हावी लागते. त्या दोनदा नापास झाल्या होत्या. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटची.

घोडं अडत होतं मिश्रणाच्या गणितावर. एका कॅनमध्ये बारा टक्क्यांचं जंतुनाशक, दुसऱ्यात चार टक्क्यांचं. सहा टक्क्यांचं सोळा लिटर करायचं, तर बारावालं किती घ्याल? सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, पाच लिटर.

शिलाईच्या कारखान्यातून आले की मी त्यांना शिकवायला बसायची. बारावालं क्ष लिटर धरा, म्हणजे दुसरं सोळा वजा क्ष. बारा क्ष अधिक चार गुणिले कंसात सोळा वजा क्ष, बरोबर शहाण्णव. आठ क्ष बरोबर बत्तीस. क्ष आला चार.

"चारनं काय होतंय? उघडलेल्या कॅनचा जोर आठवड्यात उतरतो. पाच लागतं."

"आई, गणितातला कॅन उघडलेला नसतो."

"मग ओततात कुठून?"

मी कपाळाला हात लावला. मीही दिवसभर मान मोडून आलेली. "खरं काय ते दवाखान्यात करा, पेपरात चार लिहा!" मी चक्क ओरडले. त्यांनी वही ओढली. पुढे दहा दिवस वाद न घालता तेच समीकरण मांडत राहिल्या. मला फार वाईट वाटलं, पण मी थांबवलं नाही.

पेपरात त्यांनी चार लिहिलं आणि पास झाल्या.

महिन्याभरानं मी त्यांचे गुडघे शेकायला बसले, तर सूज पहिल्यापेक्षा जास्त.

"खुर्ची मिळाली ना? मग बसत का नाही?"

"बसते की. पण भिंतीवर चार लिटरचा तक्ता लावलाय, खाली माझी सही. बायका तेवढंच घालतात. जास्त घाला म्हटलं, तर उद्या त्यांच्यावरच शेकायचं." त्यांनी पाय हातानं उचलून सरळ केला. "मग पाचवं लिटर मीच जाऊन ओतते. मजले सहा आहेत गं."