उघाडीपाशी उतरलेले बाबा

साउथ कॅरोलायनाला जायचं ठरलं तेव्हा मी नेहमीप्रमाणे यादी केली: बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, टोपी, डासांचं औषध, पाण्याच्या बाटल्या. बाबा म्हणजे माझे सासरे. आयुष्यभर रायगडात खाडीकाठी भातशेती केलेले, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रिस्कोला आलेले. तिथली इंग्रजांच्या काळातली भातशेतं त्यांना दाखवायची म्हणून आम्ही दोघंच निघालो.

गाइड पन्नाशीच्या कृष्णवर्णीय बाई होत्या. त्या बोलत, मी बाबांना मराठीत सांगे. दलदलीतलं जंगल तोडून, बांध घालून, भरतीचं पाणी शेतात घेत. ही विद्या मालकांना फारशी येत नव्हती. ती पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना येत होती, म्हणून त्यांना विकत आणलं. तांदळावर शहरात हवेल्या उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात तापाची साथ आली की मालक दुसरीकडे जात, गुलाम चिखलातच राहत.

"शेती येत होती म्हणूनच अडकले," बाबा म्हणाले.

पुढे पाटी होती: मगरी आहेत, पाण्यात उतरू नका. मी फोटो काढला. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि त्यांना सांगायचं राहून गेलं. वळून पाहते तर बांधावर फक्त त्यांच्या चपला. ते खाली पोटरीभर पाण्यात, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या लाकडी दाराशी उभे. गावाकडे त्याला उघाडी म्हणतात. ती दिसली की उतरून फळ्या चाचपायच्या, ही त्यांची जन्माची सवय.

पलीकडे पाण्यात एक ओंडका होता. तो हलला.

गाइडबाईंनी माझा खांदा दाबला. म्हणाल्या, ओरडू नका, त्यांना हळू वर यायला सांगा.

"बाबा, वर या."

"थांब गं, एक फळी सुटलीय."

"बाबा, मागे मगर आहे."

ते वळले. एक पाय निघाला, दुसरा चिखलात रुतला. ओंडका पाण्याखाली गेला आणि आता तो कुठे आहे ते कळेना. बाईंनी त्यांचा दंड धरला, मी सदरा. दोघींनी ओढून त्यांना बांधावर घेतलं.

मग बाबांनी मला विचारायला लावलं, तेव्हाही मगरी होत्या का.

"होत्या. सापही होते," बाई म्हणाल्या. "तरी रोज उतरायचं. नाही म्हटलं तर चाबूक."

मी सांगितलं. बाबा पाण्याकडे बघत राहिले.

पार्किंगपर्यंत मी त्यांचा सदरा धरूनच चालले. "सोड आता, फाटेल," ते म्हणाले. माझी बोटं सुटेनात.