काकूंनी सांगितलेलं स्तोत्र मी वाचलं नाही

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथं लिहून राह्यले.

जुन्या जालन्यात सुमनकाकूंकडं आज प्रार्थना होती. त्यांचा मुलगा जाऊन महिना झाला. आमच्या ख्रिस्ती लोकांत घरच्या प्रार्थनेला बायबलमधलं कोणतं स्तोत्र वाचायचं ते घरचं माणूस सांगतं. काकूंना आता नीट दिसत नाही, म्हणून वाचायला मी होते.

काकू म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशीवं वाच."

दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी देवाच्या स्तुतीवर येतात. हे मात्र अंधारातच संपतं. खोली माणसांनी भरलेली. मला वाटलं, हे ऐकून सगळे आणखी खचतील. मी गुपचूप पानं उलटली आणि 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं वाचलं. ते सगळ्यांना पाठ, सगळे माझ्याबरोबर म्हणू लागले. काकू तेवढ्या गप्प.

चहाच्या वेळी त्यांनी माझा हात धरला. "मला देवाशी भांडायचं होतं, बाई. त्याच्याशी बोलणं मी सोडलं न्हाई, म्हणून तर ते सांगितलं. तू मलाच गप्प केलं."

खरं सांगू? लोकांचं नुसतं निमित्त होतं. ते स्तोत्र मोठ्यानं वाचलं असतं तर काकूंचा विश्वास मोडला नसता. माझा मोडेल, अशी भीती होती. तुम्हीही अशी पानं उलटून पुढं जाता का?

आत्ता फोन करून विचारलं, "उद्या येऊन वाचू का?"

"ये," काकू म्हणाल्या. "पण वाचून झाल्यावर लगेच आमेन म्हणू नको."