भाकरीच्या गठुड्यातला कॅमेरा

जुन्या विमानासमोर आला की तो आधी चपला काढायचा, मग कॅमेरा. कुसळं तळपायात घुसायची, तरी चपला लांबच. मी एकदा विचारलं, ‘‘देव हाय का रं तो?’’

‘‘न्हाई मालक. पण आपल्या आज्याच्या वयाचं हाय. तेवढं तरी करावं.’’

एकाच गोष्टीपायी येडा झालेला माणूस तुमच्याही गावात असेल. आमचा हा अहमदपूरचा, लग्नाचे फोटो काढणारा. लातूरकडच्या आमच्या छोट्या धावपट्टीवर एक पिवळं विमान होतं, एकावर एक दोन पंखांचं. अधूनमधून तिथले लोक ते शेडबाहेर काढून पुसायचे, इंजिन चालू करून बघायचे. ते फुरफुरून गप्प बसायचं. बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत. मला सोडत, कारण धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचा ठेका माझ्याकडे. वैरणीचा धंदा मी डोक्यावर भारे वाहून उभा केलाय. कुणाला काही फुकट देत नाही.

त्यालाही दिलं नाही. ‘‘मजूर म्हणून चल. दहा भारे काप, मग बघ तुझं विमान.’’

‘‘पाच करा की मालक. कंबर धरून राहिली.’’

‘‘सात.’’

‘‘हाव,’’ म्हणाला आणि विळा उचलला.

कॅमेरा तो भाकरीच्या गठुड्यात लपवून आणायचा. एकदा काचेला ठेचा लागला, तर म्हणाला, ‘‘आज विमान लई तिखट दिसून राहिलं.’’ त्याच्याकडे त्या विमानाचे ढीगभर फोटो होते, सगळे नाकावरच्या थांबलेल्या पंख्याचे. ‘‘पंखा फिरताना एक पायजे, मालक. आतापर्यंत झोपलेल्याचेच फोटो काढले.’’

गेल्या दिवाळीआधी धावपट्टीवरच्या साहेबानं त्याला कॅमेऱ्यासकट धरलं. मला बोलावलं. ‘‘हा तुमचा माणूस?’’

ठेका त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. मी म्हणालो, ‘‘न्हाई साहेब. मी वळखत न्हाई याला.’’

त्याच्या हातात विळा माझाच होता. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ‘‘बरोबर हाय साहेब. मी कुंपणाखालून आलो.’’

साहेबानं फोटो पुसायला लावले. पुन्हा दिसलास तर पोलिसात देईन, असा दम देऊन बाहेर काढलं. ठेका मला मिळाला.

राग मात्र मला त्याचाच आला, अजून आहे. त्यानं शिव्या दिल्या असत्या, काही मागितलं असतं, तर घासाघीस करून मी मिटवलं असतं. न मागता देऊन जाणाऱ्याशी सौदा कसा करायचा? बाजारात भेटला की विचारायचा, ‘‘मालक, गवत कसं हाय औंदा?’’ मी तोंड फिरवून निघून जायचो.

यंदा उन्हाळ्यात ते विमान दुसरीकडे न्यायचं ठरलं. न्यायच्या आधी बाहेरून मेकॅनिक आला. एका सकाळी मी कडेला गवत बांधत होतो आणि पंखा एकदम फिरला. फिरतच राहिला. आजूबाजूचं गवत आडवं झालं. मी फोटोवाल्याला फोन लावला आणि फोन इंजिनाकडे धरला. बऱ्याच वेळानं कानाला लावला, तर तो अजून ऐकतच होता.

‘‘मालक, फिरून राहिला का?’’

‘‘फिरून राहिला.’’

‘‘कसा दिसतो?’’

‘‘दिसतच न्हाई पंखा. नुसती हवा हालल्यासारखी दिसते.’’

तो हसला. ‘‘तेच तर बघायचं होतं.’’

माफ कर, एवढंच मला म्हणायचं होतं. ‘‘गाडी भरायची हाय,’’ म्हणून मी फोन ठेवला.

पावसाळ्यात तो गेला, झोपेतच. तेरावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा केला आणि बसायला आलेल्या शेजारणीला सांगितलं, ‘‘हे विमानतळावरचे. आमच्या ह्यांचे लई जिवलग. ते म्हणायचे, आपला माणूस हाय तिथं, आपल्याला कोण अडवतंय?’’

शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी मान डोलावली. चहा कढकढीत होता, तसाच प्यालो.