गोगलगाय हाजिर हो

रविवार, सकाळ, पारोळ्यातल्या आमच्या कॉलनीची बाग. हजर: मी, शेजारच्या वहिनी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि कोर्टातून निवृत्त झालेले पट्टेवाले आबा. विषय: विजेच्या तारेसाठी उंबराच्या दोनपैकी एक फांदी तोडणे. एकीवर बुलबुलाचं घरटं. दुसरीवर झाडावरच राहणाऱ्या गोगलगायी. त्या आता फार दुर्मीळ झाल्यात, असं कॉलेजच्या सरांनी सांगितलेलं.

आबांना कुणालाही तीनदा पुकारायची सवय. चहासाठी बायकोला, कोथिंबिरीसाठी भाजीवाल्याला. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही, की 'गैरहजर' म्हणून मोकळे.

"बुलबुल रोज गातो. त्यालाच ठेवू," वहिनी म्हणाल्या.

"बुलबुल गावभर आहेत," मी म्हटलं.

"आणि तुमची गोगलगाय काय करते, ताई?" सेक्रेटरींनी विचारलं.

"काही नाही." खरंच होतं ते.

आबा उठले. झाडाखाली जाऊन कोर्टातल्या आवाजात त्यांनी तीनदा पुकारा केला, "गोगलगाय हाजिर हो!"

बुलबुल घाबरून उडाला. गोगलगायी जागच्या हलल्या नाहीत.

"काय आबा, गैरहजर लिहू?" सेक्रेटरी हसले.

"पाखरू पयी गयं. हाई जागावरच शे," आबा शांतपणे म्हणाले. "लिखा, हजर."

पिल्लं उडाली की बुलबुलाची फांदी तोडायची, असं ठरलं. पिल्लं केव्हाच उडाली. आबांनी वायरमनला तीनदा बोलावलं. तो गैरहजर. फांदी तोडायची राहिली आहे.