नायिकेला संवाद नाहीत

मला वाचवलं ते पेपरवाल्या ताईंनी. हे आधी लिहून टाकते, कारण पुढं राग आला की माझं लिहिणं भरकटतं.

कुणी काही सांगायला लागलं की ताई चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "मत नंतर. आधी दिसलं काय ते सांग." नाटक बघून आलेल्या पोरांना हेच, आणि दुखणं घेऊन आलेल्या बाईलाही हेच. "खालचं दुखतंय," असं कुणी लाजत पुटपुटलं की त्या चिडायच्या. "खालचं म्हणजे काय? तळमजला?" बाया पदराआड हसायच्या आणि मग नीट सांगायच्या. अशी चिडकी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांच्या चिडण्याचा आपल्याला आधार वाटतो.

माझं माहेर हिंगोलीकडचं. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आले. इथली मराठी अर्धी हिंदीत शिरलेली, आपलं काही चुकेल या धाकानं मी गप्पच असायचे. लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ताई एकट्या राहायच्या. मी त्यांच्याकडं पोळ्या करायला जायचे. त्या कितीतरी वर्षं पेपरात नाटकांवर, गाण्यावर, चित्रांच्या प्रदर्शनांवर लिहीत आल्या होत्या.

मग त्यांनी बायांच्या आजारांवर लिहायला घेतलं. पहिलाच लेख संपादकांनी परत पाठवला. त्यात 'पाळी' हा शब्द होता, आणि लोक म्हणे सकाळी चहा पिता पिता पेपर वाचतात. त्याच दिवशी ताईंनी लिहिलेलं एका नाटकाचं परीक्षण मात्र फोटोसकट छापलं. त्या नाटकात बाळंतपणात बाई मरते. ताई फोनवर काय बोलल्या ते मी कणीक मळता मळता ऐकलं. "स्टेजवर बाई मेली की तुम्ही टाळ्या वाजवता. घरातली म्हणाली मला रक्त जातंय, की तुमचा चहा विटाळतो?"

पेपरात जागा नाही म्हणून त्या जवळच्या निंबोला गावाला जाऊ लागल्या. केळीच्या बागेतनं बाया परतल्या की शाळेच्या ओसरीत बसायच्या आणि ताई त्यांना बोलतं करायच्या.

नंतर मलाच पाळीत जास्त रक्त जायला लागलं. सासूनं मला इतवाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पिशवी निकाल देंगे, झंझट खतम." पिशवी म्हणजे गर्भाशय. मी तिशीसुद्धा गाठली नव्हती. सासू म्हणाली, "दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?" नवरा म्हणाला, "डॉक्टर बोलतोय ना, फिर?" मला कुणी विचारलं नाही. सोमवारी भरती करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पोळी तव्यावर करपली तेव्हा ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं.

"पोटाला हात लावून बघितलं त्यांनी?"

"नाही."

"सोनोग्राफी?"

"नाही. फोनवर बोलता बोलताच कागदावर लिहिलं."

ताईंनी चपला घातल्या. माझ्या हाताला कणीक तशीच. वाटेत घरून सासूलाही घेतलं.

डॉक्टर ताईंना ओळखत होते. हसून म्हणाले, "आप तो नाटक पर लिखती हैं ना, मॅडम?"

"म्हणून तर आले. पाठ केलेलं भाषण मला लगेच ओळखू येतं. कोणत्या तपासणीवरून पिशवी काढताय?"

"कॅन्सर हो सकता है."

"मग तपासणी दाखवा."

डॉक्टर सासूकडं वळले. "माताजी, फैसला आपका है."

"पिशवी माताजींची नाही," ताई म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी मला रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून घेतली. छोटी गाठ निघाली, अंगात रक्त कमी होतं. गोळ्यांवर भागलं. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ती शांतता मला मानवली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी कलेच्या पानावर ताईंचं परीक्षण आलं. नाटक दवाखान्यातलं, नाव-गाव काही नाही. नेपथ्य म्हणजे हिरवा पडदा. नायक प्रत्येक प्रवेशात एकच वाक्य म्हणतो, कॅन्सर होईल. प्रेक्षक घाबरून उठतात आणि सही करतात. शेवटी लिहिलं होतं: नायिकेला संवाद नाहीत. संपादकांनी ते नाटकाचंच समजून छापलं. इतवाऱ्यात मात्र दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, हा नायक कोण ते.

दवाखान्याची जाहिरात त्या पेपरात यायची. ताईंचं लिहिणं बंद झालं. इतक्या वर्षांच्या बाईला साधं बोलावूनही घेतलं नाही, फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. दर रविवारी निंबोल्याला जाता येईल." गेल्याही, पाय चालत होते तोवर.

मागच्या थंडीत ताई गेल्या. शोकसभा झाली, हॉल भरला. फोटोला पहिला हार घातला तो त्याच डॉक्टरांनी. "उन्होंने इस शहर को नाटक देखना सिखाया," असं म्हणाले. संपादक म्हणाले, ताई फार मृदू होत्या. मृदू. आयुष्यभर ज्यांच्यावर त्या चिडल्या, त्यांनी त्यांना मऊ करून टाकलं. बायांच्या आजारांबद्दल त्या व्यासपीठावर अक्षरही निघालं नाही. निंबोल्याहून टेम्पोनं आलेल्या बाया मागं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी पुढं जाऊन म्हटलं, मला दोन शब्द बोलायचेत. आयोजक म्हणाले, "टाइम हो गया ताई, चाय लीजिए."

मी चहा घेतला नाही.

ताई, तुमचं वर्षश्राद्ध येतंय. पुन्हा सभा ठेवलीय. हॉल तोच असेल, पहिल्या रांगेत माणसंही तीच. चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते, तुम्हाला ठाऊक आहे. तरी या वेळी विचारणार नाही, सरळ माइकपाशी जाणार आहे. तुम्ही माझी पिशवी वाचवलीत आणि ती कुणाच्या हातून, हे त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी. पण तुमचं हे देणं मी फेडणार.