डिंडोलीचे पाहुणे

सुरतेच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते आणि दर वर्षी एक जुनी इंग्रजी कादंबरी माझ्या वाट्याला येते. दोनेकशे वर्षांपूर्वीची. लग्नाच्या मुली, जमीनजुमला असलेले तरुण, आणि कोणाचं घराणं वरचं, कोणाचं खालचं याचा अखंड काथ्याकूट. मला ती मनापासून आवडते. सुरुवातीला मुली जांभया देतात, पण चार-पाच तास झाले की बाकाच्या कडेशी सरकून ऐकू लागतात. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आ तो अमारी ज सोसायटी छे." म्हणजे, हा तर आमचाच समाज. याहून नेमकं उत्तर मला पेपरात कोणी लिहून दिलेलं नाही.

त्या कादंबरीत एक आई आहे. मुली उजवायच्या घाईने पार उतावीळ झालेली. नको तिथे बोलते, नको तेवढं बोलते. तिच्यावर आम्ही वर्गात पोट धरून हसतो. गेल्या वर्षी माझ्या लेकीने मला सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय, आणि त्याच संध्याकाळी माझी ती बाई झाली. शेजारणीला सांगू की नको, पडदे बदलू की नको, मुलाच्या आईला काय आवडत असेल, असं माझं सुरू झालं. लेक म्हणाली, आई, तू जरा पाणी पी.

कादंबरीतली तरुण मंडळी नाचाच्या समारंभात भेटतात. आमची दोघं भेटली हजीऱ्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये. तो तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा. मुलगा इंजिनिअर, स्वभावाने शांत, राहायला डिंडोलीला. वडील खानदेशातून आलेले. तरुणपण कापडाच्या लूमवर गेलं, आता सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात आहेत. आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायचं काम करते.

सुरतेत आम्ही मराठी माणसं दोन जातींची. मी खऱ्या जातीबद्दल बोलत नाही. एक आमच्यासारखे, बदलीवर आले आणि अडाजणला फ्लॅट घेऊन राहिले. दुसरे पोटासाठी गाठोडं घेऊन आले आणि डिंडोलीला वसले. गणपतीत एकमेकांच्या आरतीला जातो, पण सोयरीक करायची वेळ आली की दोघांनाही आपापलं गाव आठवतं. माझा नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, मोकळ्या मनाचा, आणि त्या मोकळेपणाचा त्याला थोडा गर्वही आहे. तो म्हणाला, माझी काहीच हरकत नाही, फक्त त्यांच्या घरच्यांना आपली मुलगी मनापासून हवी असली पाहिजे. नाखुशीच्या घरात मी तिला पाठवणार नाही. लेकीचंही तेच. कोणाला रडवून, कोणाला रुसवून लग्न करायचं नाही, असं तिने आणि त्या मुलाने आधीच ठरवून टाकलं होतं. म्हणजे सगळं त्या रविवारच्या भेटीवर येऊन ठेपलं.

मुलगा आणि त्याचे आईवडील आमच्याकडे वेळेवर आले. मुलाच्या आईने दारात माझ्या नवऱ्याला पाहिलं आणि पदर थेट नाकापर्यंत ओढला. मी सोफा दाखवला, तर त्या भिंतीकडेला सतरंजीवर बसल्या. नवऱ्याने प्रवास कसा झाला विचारलं, तर त्या आपल्या नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या आणि त्यांनी ते आम्हाला सांगितलं. पोह्यांच्या बशीला हात लावला नाही. मुलगा हळूच म्हणाला की आई, वर बस ना; त्यांनी नुसती मान हलवली. तोही गोंधळून गेला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आई अशी कधीच बसत नाही, असं त्याने नंतर सांगितलं. मुलाचे वडील मात्र साधे, बोलके. ते माझ्या नवऱ्याला 'साहेब' म्हणत होते. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून पाऊसपाण्यापासून कापडाच्या बाजारापर्यंत गप्पा मारत होते, हसत होते. कोणीतरी वातावरण सांभाळायला नको का?

पण नवऱ्याचा चेहरा आखडत चालला होता. या बाईंना आपण नको आहोत, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. तो जरा पुढे सरकून बसला आणि त्याने घसा साफ केला. आता तो 'बरं, कळवतो' म्हणणार, हे मला दिसलं. मराठी घरात 'कळवतो'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती तिथेच थबकली.

मी उठले आणि कादंबरीतल्या त्या आईला शोभेल अशा आवाजात म्हणाले की मला आत जरा मदत हवी आहे. पाहुणीचा हात धरला आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. नवरा बघतच राहिला.

आत गेल्याबरोबर पदर खांद्यावर उतरला. गोल, हसरा चेहरा. आधी त्या पेलाभर पाणी घटाघटा प्यायल्या. मग ओट्याशी उभं राहून त्यांनी पोहे खाल्ले आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, आमचं घर तुम्हाला पसंत नाही का? वर्गातल्या ढ मुलीकडे मी बघते तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अवो मॅडम, याहीसमोर उघडा डोकानी कशी बठू? परका माणूससमोर कोन पदर लेस?"

व्याही म्हटला की त्याच्यासमोर पदर घ्यायचा, खाली बसायचं, खायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही. परक्यापुढे कशाला कोण एवढं करतंय? आम्ही पसंती-नापसंतीचा घोळ घालत बसलो होतो आणि या बाईंनी दारातच सोयरीक पक्की करून टाकली होती. मग त्यांचा आवाज उतरला. तुमचंच काही कळेना, म्हणाल्या. तुम्ही आमच्या माणसासमोर डोकं उघडं ठेवून, खुर्चीवर बसून हसताय, बोलताय. म्हणजे आम्ही तुम्हाला परकेच. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

पदराविरुद्ध मी वर्गात तासभर बोलू शकते. सोमवारी पुन्हा बोलणारच होते. पण त्या दुपारी मी साडीचा पदर डोक्यावर घ्यायला गेले आणि तो पिनेत अडकला. त्या हसल्या, पिन काढली, पदर माझ्या कपाळापुढे नीट ओढून दिला. आम्ही दोघी बाहेर आलो आणि मी त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसले.

मुलाच्या वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. ते उठून उभे राहिले. माझ्या नवऱ्यापुढे हात जोडले.

"याही, आते तारीख तुम्हीच काढा."

नवऱ्याला बाकी काही उमगलं नव्हतं, पण 'याही' उमगलं. तो उठला आणि त्याने त्यांना घट्ट मिठी मारली. लेकीने ट्रे तिथेच जमिनीवर ठेवला आणि आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली. मी पदराआड हमसून रडत होते, आणि ते कोणाला दिसत नाही याचं मला फार बरं वाटत होतं.