पाच जणांचं गाऱ्हाणं

आमचे ड्रिलमास्तर कोरड्या वाळूतून कधी चालले नाहीत. शिरोड्याच्या किनाऱ्यावर लाट ओसरली की जो ओला, चकचकीत पट्टा उरतो, त्यावरूनच वहाणा हातात घेऊन त्यांची स्वारी शाळेकडे निघायची. आम्ही मऊ वाळूत धापा टाकत मागे. "चकचकता थंय चल गो," ते मला म्हणायचे, "थंय पाय रुतणा नाय."

दुसरी खोड गाऱ्हाण्याची. सहल असो की कबड्डीचा सामना, नारळ ठेवून खणखणीत आवाजात देवाला सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. खेळाडू सात असले तर सातांसाठी मागणं. स्वतःसाठी एक शब्द नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "माका काय होतला गो?"

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नोकऱ्यांना लागलेल्या आम्हा पाच जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन मास्तर नाताळच्या सुट्टीत हिमाचलात निघाले. सहाही जणांनी बर्फ पाहिलेला तो कॅलेंडरवर. बाटलीतलं खोबरेल दगड झालं तेव्हा मास्तर पोटभर हसले. शेवटच्या गावातल्या चहावाल्यानं बजावलं, डोंगराची कड सोडू नका, खाली नाल्याकडे उतरू नका. मास्तरांनी तिथेच नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, हीं पाच पोरां तुझ्या दारात इलींत. त्यांका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी मनात मोजलं. आपण सहा आहोत. पण देवापुढे मास्तरांची चूक कुठे काढायची, म्हणून गप्प बसले.

दुपारी धुकं उतरलं. चुकामूक नको म्हणून मास्तर पुढे तेच गाऱ्हाणं मोठ्यानं म्हणत चालले, आम्ही त्या आवाजामागे. गुडघाभर बर्फात माझा जीव मेटाकुटीला आला. मी रडतच म्हटलं, "मास्तरानू, माझ्यान आता चलवणा नाय."

ते थांबले. धुकं जरा विरळ झालं आणि खाली एक सपाट पट्टा चमकताना दिसला. "थंय घट्ट आसतला," ते म्हणाले. "तुमी हंयच रवा. मी बघून येतंय." आम्हा कुणालाच चहावाला आठवला नाही. शिरोड्याच्या माणसाला चमकता पट्टा म्हणजे भरवशाची जमीन. तो नाला होता, वर नुसता बर्फाचा पापुद्रा.

धुकं पुन्हा दाटलं. आवाज येत होता. "हीं पाच पोरां तुझ्या दारात इलींत..."

"व्हय म्हाराजा."

"त्यांका सुखरूप..."

पुढे काहीच आलं नाही. आम्ही वेड्यासारखे व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा ओरडत राहिलो, घसे बसेपर्यंत. नाल्यावर एक भगदाड सापडलं आणि काठाला त्यांची कानटोपी. ओरडा ऐकून आलेल्या गावकऱ्यांनी आम्हाला ओढत खाली आणलं. मास्तर मिळाले नाहीत.

मी आता कोरड्या वाळूतूनच चालते. देवानं ऐकलं नाही, असं मला म्हणता येत नाही. मास्तरांनी पाच मागितले, पाच घरी पोचले. सहावं नाव मी सांगायला हवं होतं.